विचारून बघणारे कानवडे सर

आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलं नव्हतं. दसरा झाला की मुकादम यायचा, आणि पाथर्डीकडचं आमचं अर्धं गाव बैलगाड्या जुंपून प्रवरेच्या काठी ऊस तोडायला निघायचं. आई-तात्या त्यात असायचे. सहा महिने कारखान्याच्या बाजूला पाचटाच्या कोपीत त्यांचा संसार, आणि मी गावात चुलतीकडे. शाळा बुडवायची नाही, हा तात्यांचा हुकूम. का बुडवायची नाही, हे त्यांना सांगता यायचं नाही. "शिक म्हंजी शिक," एवढंच. पाडव्याच्या सुमाराला ती दोघं परत यायची, तेव्हा आईच्या हातांवर कोपरापर्यंत उसाच्या पाल्यानं कापल्याच्या रेघा असायच्या. त्या बुजायच्या आत पुढचा दसरा यायचा.

त्या रेघांवर मी बी.एस्सी. झालो, गणित घेऊन, दुसऱ्या वर्गात. हे मी अभिमानानं सांगतो आणि दर वेळी सांगतो. ज्याला कंटाळा येत असेल त्यानं दुसरं काही वाचावं.

पदवी घेऊन मी एका खेड्यातल्या हायस्कुलात गणित शिकवायला लागलो, तेव्हा कळलं की मी शिक्षकच नाही. मी 'अनट्रेन'. म्हणजे बी.एड. न झालेला. आठवी ते अकरावी चारही वर्गांचं गणित मी शिकवायचं, पेपर मी तपासायचे, मॅट्रिकचा निकाल पडला तर शिव्याही मीच खायच्या, पण एप्रिल संपला की मला नारळ. जूनला पुन्हा अर्ज. गेल्या जूनमध्ये ज्या टेबलावर दिला त्याच टेबलावर, त्याच माणसाला. आणि तो माणूस मला जन्मात प्रथमच बघितल्यासारखा विचारायचा, "गणित जमेल का तुम्हाला?" दोन वर्षं मी त्याला 'जमेल' म्हटलं. तिसऱ्या वर्षी माझी सहनशक्ती संपली आणि मी नगरला बी.एड.ला नाव घातलं. एकाहत्तर सालची गोष्ट.

तिथं मला कानवडे सर भेटले. भेटले म्हणजे भांडतानाच भेटले.

स्टँडजवळच्या एका हॉटेलात शेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांचा एक माणूस बसला होता. पांढरा लेंगा, वर बंद गळ्याचा कोट, डोक्याला टोपी. त्यानं एका मिशीवाल्या वेटरचं मनगट धरून ठेवलं होतं.

"काय समजलं?" तो विचारत होता.

"तुमचं समजलं की."

"माझं काय समजलं ते सांग."

"दोन चहा."

"बघा!" तो आख्ख्या हॉटेलला उद्देशून ओरडला. "मी म्हटलं दोन पाव, एक पातळ भाजी, तिखट कमी, चहा नंतर. आणि याला समजलंय! आता अडलं कुठं ते सांग. पावापाशी अडलं का भाजीपाशी?"

गल्ल्यावरून मालक म्हणाला, "अहो मास्तर, सोडा त्याला. गिऱ्हाईक खोळंबलंय."

"तुम्हाला कसं कळलं मी मास्तर आहे?"

"दुसरं कोन धरील असं?"

'समजलं' हा शब्द कानवडे सरांना खपत नसे. कंडक्टर म्हणाला, धोबी म्हणाला, कॉलेजचा कारकून म्हणाला, तरी सर त्याला तिथंच उभा करत आणि काय समजलं ते वदवून घेत. त्यामुळे त्यांची कामं कुणाहीपेक्षा बिनचूक होत आणि कुणीही ती पुन्हा करायला राजी नसे. "समजलं म्हणणाऱ्या माणसाला आधी पकडावं," ते म्हणत. "न समजणारा बिचारा आपण होऊन सापडतो. हा पळतो."

त्या वर्षी आम्ही एका खोलीत राहिलो. वर्गात आम्ही सगळे बावीस-पंचविशीचे, आणि मधोमध हे टोपी घालून. संगमनेरच्या खाली एका गावातल्या हायस्कुलात ते एकोणीस वर्षं गणित शिकवत होते. शाळा निघाली तेव्हा त्या पंचक्रोशीत गणित येणारा दुसरा माणूस नव्हता. म्हणून खास परवानगीनं यांना घेतलं, आणि ती परवानगी दर वर्षी नवी होत गेली. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं इंजिनिअर झाली, ओव्हरसियर झाली, एक तर कॉलेजात गणिताचा प्रोफेसर झाला. पण नवे हेडमास्तर आले आणि त्यांनी एक पत्र दिलं. जूनपर्यंत प्रशिक्षित व्हा, नाहीतर तुमची जागा प्रशिक्षित उमेदवारानं भरण्यात येईल. सर ते पत्र घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवत. खडूही त्याच खिशात असे, त्यामुळे पत्र कायम पांढरं झालेलं.

"अरे गर्जे," ते मला म्हणाले होते, "तू दुसरं काहीही करशील. माझं तसं नाही. मला हे एकच येतं."

आणि ते एकच कसं करायचं, हे शिकवायला आम्हाला कोण? गणित पद्धतीचे एक प्राध्यापक. गृहस्थ स्वच्छ, बूट चकचकीत, भाषा शुद्ध. मी पहिल्याच पाठात 'पानी' म्हणालो, तर त्यांनी वर्गासमोर मला तीन वेळा 'पाणी' म्हणायला लावलं. माझ्या पाठाचा विषय टाकी भरण्याचं गणित. गणित बरोबर सुटलं की नाही हे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तरी कितपत कळलं असतं, याची मला शंकाच आहे. ते स्वतः एक दिवसही शाळेत शिकवायला उभे राहिले नव्हते. हे मी द्वेषानं सांगत नाही. त्यांनीच एकदा बोलता बोलता सांगितलं, आणि वर हसले.

बी.एड.ला तेव्हा पाठ घ्यावे लागत. शेजारच्या एका शाळेत जाऊन खऱ्या पोरांना शिकवायचं आणि मागच्या बाकावर प्राध्यापकांनी वही घेऊन बसायचं. पाठाआधी टाचण लिहायचं. टाचणवहीच्या पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे 'शिक्षककृती', उजवीकडे 'विद्यार्थीकृती'. म्हणजे डावीकडे आपण काय विचारणार ते लिहायचं, आणि उजवीकडे पोरं काय उत्तर देणार ते. आदल्या दिवशी!

सरांनी पहिल्यांदा ही वही बघितली तेव्हा त्यांनी ती उभी रेघ वरपासून खालपर्यंत न्याहाळली. मग त्यांचा आवाज चढला. "पोरगं काय बोलणार ते मी आज लिहू? मी मास्तर आहे का कुडमुड्या जोशी?"

"सर, तसं नसतं," मी म्हटलं. "बरोबर उत्तर लिहून टाकायचं."

"आणि ते चुकीचं बोललं तर?"

"टाचणात पोरं चुकत नाहीत."

"मग मला कशाला पाठवतात वर्गात?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी टाचण दाखवायला नेलं. डावीकडे एकापेक्षा एक सुरेख प्रश्न. उजवीकडे, विद्यार्थीकृतीखाली, वरपासून खालपर्यंत प्रत्येक प्रश्नासमोर मोत्यासारख्या अक्षरात दोनच शब्द होते: 'विचारून बघतो.'

प्राध्यापकांनी लाल शाईनं पान उभं फाटेल अशी फुली मारली. सरांनी दुसरं पान लिहिलं. तेच. वर्षभर तेच चाललं. आम्ही खोलीत हसून हसून लोळायचो, आणि सर आमच्याकडे असे बघायचे, की जणू आम्हीच शहाणपण सोडलं आहे. आज मला वाटतं, त्या वर्षभरात त्या कॉलेजात लिहिलं गेलेलं एकमेव खरं वाक्य ते होतं.

पाठाची शाळा हीही एक गंमतच होती. तिथल्या आठवी 'ब'वर दर वर्षी बी.एड.वाल्यांच्या टोळ्या सोडत. ती पोरं पाठ बघून बघून इतकी पिकली होती की आमच्यापेक्षा जास्त पायऱ्या त्यांना पाठ. पद्धत अशी, की पहिली पाच मिनिटं इकडचे तिकडचे प्रश्न विचारून पोरांना विषयापाशी आणायचं आणि मग 'आज आपण अमुक शिकणार आहोत' असं जाहीर करायचं. त्याला हेतुकथन म्हणत. माझ्या पहिल्या पाठाला मी घाबरून सरळ फळ्याकडे वळलो. पहिल्या बाकावर दोन वेण्या घातलेली वर्गाची मॉनिटर शकुंतला बसलेली. ती उठून उभी राहिली.

"सर, हेतुकथन ऱ्हायलं."

मागून कुणी तरी म्हणालं, "आन तक्ताबी लावला न्हाई."

या शकुंतलेनंच मला पुढं एक दिवस व्हरांड्यात गाठलं आणि दुकानदारासारखं विचारलं, "सर, तुमाला उजवा-डावा पायजेल का?"

"म्हणजे काय?"

"तुमी सवाल इचारला की सगळ्या वर्गानं हात वर करायचा. ज्याला येतंय त्यानं उजवा. ज्याला येत न्हाई त्यानं डावा. तुमी उजव्यालाच उठवायचं. मागं बसलेल्या सायबाला सगळे हात सारखेच दिसत्यात."

मी थक्क झालो. "हे कुणी शिकवलं?"

"आमच्या आदीच्या आठवीनं. गेल्या साली भूगोलवाल्या सरांचा पयला नंबर आला हुता यावर." आणि वर खालच्या आवाजात, "पाठ झाल्यावर खेळाचा तास द्यायला सांगायचा आमच्या बाईंना. दुसरं काय बी नगं."

मी तो वापरला. लपवत नाही. पहिल्यांदा वापरला तेव्हा चाळीसच्या चाळीस हात वर गेले आणि मला वाटलं, मीच शिकवलं सगळं. प्राध्यापकांनी वहीत लिहिलं, 'वर्गाचा प्रतिसाद उत्स्फूर्त.' त्यानंतर माझे पाठ 'अ' शेऱ्याशिवाय गेले नाहीत.

कानवडे सरांना 'क'. प्रत्येक वेळी 'क'. त्यांचं कारण साधं होतं. ते प्रश्न विचारत, आणि ज्याचा हात खाली असे त्याला उठवत. मग त्याला कुठं अडलं ते शोधत. हे शोधणं म्हणजे विहिरीत पडलेली घागर गळ टाकून शोधावी तसं चाले, इकडून, तिकडून, न कंटाळता. घागर वर येई, पण तोवर घंटा होई. टाचणातल्या अर्ध्या पायऱ्या तशाच राहात. एकदा प्राध्यापकांनी शेरा मारला, 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद नाही.' सरांनी त्याखाली पेन्सिलीनं लिहिलं, 'प्रतिसाद होता. येत नाही, असा होता.' झालं. प्राचार्यांपुढं उभं केलं, माफी लिहून द्यायला सांगितली. सरांनी लिहून दिली. त्यात काय चुकलं त्याच्या पायऱ्या घातल्या, एक, दोन, तीन, आणि तिसऱ्या पायरीला चूक प्राध्यापकांचीच निघाली.

मी म्हटलं, "सर, जरा नमतं घ्या. पुठ्ठ्याचे त्रिकोण कापा, रंगीत तक्ता लावा, पोरांची उत्तरं लिहा, सुटा. जूनचं पत्र खिशात आहे तुमच्या."

"आहे ना."

"मग?"

"मग काय? न येणाऱ्या पोराला ओलांडून जाऊ?"

माझी सगळी वर्षं अशी ओलांडून गेलेल्या मास्तरांच्या वर्गात गेली होती. तरी तेव्हा मला त्यांचाच राग आला. हा माणूस हट्टानं आपली भाकरी घालवणार, असं मला दिसत होतं.

मार्चमध्ये वार्षिक पाठ आले. इथं खरी गोम. लेखी पेपरात नव्वद काढा, वार्षिक पाठात नापास तो बी.एड.ला नापास. आमचे प्राध्यापक, आणि जोडीला परगावचे एक बाह्य परीक्षक. पिकल्या केसांचे, जाड चष्म्याचे, कुणाशी न बोलणारे. विषय चिठ्ठ्या टाकून. मला सोपा आला, सकाळीच पाठ झाला आणि झकास झाला. सरांच्या चिठ्ठीत निघालं, ऋण गुणिले ऋण बरोबर धन.

ज्यानं शिकवलं आहे त्यालाच या चिठ्ठीची भीती कळेल. उणे दोन गुणिले उणे तीन बरोबर अधिक सहा, का? कुणालाच येत नाही आणि सगळेच 'समजलं' म्हणतात. मला स्वतःला बी.एस्सी. होईतो कुणी कारण सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं. 'नियम आहे, पाठ करा,' म्हणालो होतो.

मी मधल्या सुट्टीत शकुंतलेला गाठलं. "टोपीवाल्या सरांच्या तासाला उजवा-डावा करा. त्यांना मात्र कळता कामा नये."

ती विचारात पडली. "त्यांना सांगितल्याबगर कसं जमंल?"

"तुम्ही नुसते हात वर करा. सगळ्यांनी. तेवढ्यानं भागेल."

त्यात माझी चूक होती, आणि एवढी बाळबोध चूक माझ्या लक्षात आली नाही. कोणत्या हाताला उठवायचं हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या वर्गात सगळे हात वर करून काय उपयोग? आणि सर तर शिकवताना एकेका पोराकडे बघणारे.

मी व्हरांड्यात खिडकीशी उभा होतो. सरांनी प्रस्तावना केली, हेतुकथन केलं. शकुंतलेनं मान डोलावली. मग त्यांनी प्रश्न टाकला, उणे दोन गुणिले उणे तीन किती, आणि का? चाळीस हात सपकन वर गेले.

सर थांबले. एकोणीस वर्षांत या प्रश्नाला चाळीस हात त्यांनी कधी बघितले नसतील. प्राध्यापक खूश होऊन वहीत लिहायला लागले. सरांनी तिसऱ्या बाकावरच्या सुमन नावाच्या मुलीला उठवलं. तिचा हात डावा होता. ती उभी राहिली ती उभीच. दुसऱ्याला उठवलं. डावा. तोही गप्प. सरांनी टोपी जराशी मागं सारली आणि वर्गावरून नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओळीनं. ते डावे हात मोजत होते.

"हात खाली," ते शांतपणे म्हणाले. "आता ज्यांना येत नाही त्यांनी उजवा हात वर करा."

कुणी हलेना. प्राध्यापकांचं पेन थांबलं. मी खिडकीचा गज घट्ट धरला.

"कुणीच नाही?" सरांनी स्वतःचाच उजवा हात वर केला. "मला तुमच्याएवढा असताना येत नव्हतं. मास्तर झालो तरी येत नव्हतं. नियम म्हणून शिकवायचो."

मग सुमनचा हात वर गेला. मग मागं एक. मग भराभरा.

सरांनी तक्ता गुंडाळून ठेवला. "सुमन, तुमची विहीर आहे?"

"हाय. पर तिच्यात पानीच न्हाई, सर."

वर्ग हसला. प्राध्यापकही हसले. त्या साली अर्ध्या जिल्ह्याच्या विहिरींनी तळ दाखवला होता, त्यात हसण्यासारखं काय होतं ते त्यांनाच ठाऊक. सर हसले नाहीत.

"कधी होतं?"

"दिवाळीला व्हतं की. रोज खाली खाली जायाचं."

"रोज किती?"

तिनं बोटं ताणून दाखवली. "दोन इती."

"रोज दोन विती खाली. म्हणजे उणे दोन. आज सोमवार धर. तीन दिवसांनी पाणी कुठं असेल?"

"सा इती खाली."

"बरोबर. तीन दिवस पुढं, म्हणून अधिक तीन. उत्तर उणे सहा. आता पुढं नको, मागं चल. तीन दिवस मागं. उणे तीन. तेव्हा पाणी कुठं होतं?"

सुमननं वर आढ्याकडे बघितलं. ती आढ्याकडे बघत नव्हती, आपल्या विहिरीच्या काठावर उभी होती, हे मला खिडकीतून दिसत होतं.

"तवा जास्त हुतं," ती हळूच म्हणाली. "सा इती वर."

"वर म्हणजे?"

"अधिक सा." आणि मग एकदम मोठ्यानं, "सर, मागं गेलं की जास्त व्हतंय!"

मी बी.एस्सी. गणित, आणि तो नियम मला त्या दिवशी खिडकीत उभं राहून कळला.

त्यानंतर सर एकेका डाव्या हाताला उठवत गेले. अडलं कुठं? इथं का? मग इथनं मोज. घंटा झाली तेव्हा उपयोजनाची, म्हणजे शिकवलेलं वापरून बघायची, पायरी राहिली होती, गृहपाठ राहिला होता, फळ्यावर एक विहीर आणि तिच्या काठावर अधिक-उणेच्या खुणा होत्या.

बाहेर पडताना प्राध्यापक म्हणाले, "कानवडे, पाठ अपुरा राहिला."

"राहिला."

"उपयोजन का घेतलं नाहीत?"

"तिघांना अजून आलेलं नाही. उपयोजन कशाचं घेऊ?"

परगावच्या परीक्षकांनी सरांची टाचणवही मागून घेतली. उजवीकडचे ते दोन शब्द त्यांनी वरपासून खालपर्यंत बोट फिरवून वाचले. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. वही मिटून काखेत घेतली आणि गेले.

रस्त्यात मी सरांना सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं, माझ्या मायेची त्यांना कदर होईल. ते रस्त्याच्या मधोमध थांबले. मागून टांगेवाला ओरडत होता.

"तू केलंस हे? तू?"

"तुम्ही नापास होऊ नये म्हणून, सर."

"तुझ्या सकाळच्या पाठाला डावे हात किती होते?"

मी टांग्याला वाट द्यायला बाजूला सरकलो.

"सांग ना. किती?"

"मोजले नाहीत."

"माझ्या तासाला एकवीस होते. अशीच पोरं सकाळी तुला हात वर करून सांगत होती की येत नाही, आणि तू त्यांच्याकडे बघून पुढं गेलास! न कळणारा मास्तर परवडला रे. तुला पत्ता होता! ऊसतोड्याच्या घरातून आलास ना? सांगतोस ना सगळ्यांना?"

एवढं मला कुणी बोललं नव्हतं. मी भांडखोर माणूस, पण खाली मान घालून त्यांच्या मागनं चालू लागलो.

खोलीवर ते माझ्याशी बोलले नाहीत. खाली बसून ट्रंकेवर एक पोस्टकार्ड लिहीत होते. दिवे लागायच्या सुमाराला ते त्यांनी माझ्यापुढं धरलं. "गावात चालला आहेस तर पेटीत टाक." हाच त्यांचा समेट, असं मी धरलं.

कार्ड उघडं असतं. मी वाचलं.

'चि. बाळू यास अनेक आशीर्वाद. आज आठवी ब ला ऋण गुणिले ऋण शिकवले. विहिरीचे उदाहरण दिले. तुझ्या वेळी मला ते सुचले नव्हते, मी तुला छडी दिली होती. वर्गात तिघांना अजून आलेले नाही. तुला आले का? खाली विहीर काढली आहे. आले नसेल तर अडले कुठे ते लिही. मुलांना आशीर्वाद. तुझा दादा.'

खाली बोटभर जागेत एक विहीर काढलेली होती.

मी परत वळलो. "सर, हे बाळू कोण?"

"धाकटा भाऊ." ते टोपी झटकत होते. "आई-वडील लवकर गेले. मीच वाढवला. माझ्याच वर्गात होता. गणितात तीनदा बसला नि तीनदा गेला. तिसऱ्या निकालाला घरी आलाच नाही."

"आता?"

"कोल्हापूरकडं ट्रक चालवतो. दोन पोरं आहेत, म्हणतात."

"उत्तर येतं का त्यांचं?"

"कामात असतो तो." सरांनी टोपी खुंटीला लावली, सरळ आहे का ते बघितलं. "पत्ता बरोबर आहे. इतकी वर्षं झाली, एकही कार्ड परत आलेलं नाही."

मी जाऊन ते पेटीत टाकलं, आणि आत पडल्याचा आवाज येईपर्यंत उभा राहिलो.

जूनमध्ये निकाल लागला. पाठात मला पहिला वर्ग, कानवडे सरांना तिसरा. हे लिहितानासुद्धा माझ्या डोक्यात तिडीक जाते. ज्यांनी हा निकाल लावला त्यांना मी आजही मास्तर म्हणत नाही. पण परगावच्या त्या परीक्षकांनी सरांना काठावर का होईना पास केलं होतं. हेडमास्तरांना दुसरा उमेदवार शोधावा लागला नाही. एकोणीस वर्षं गणित शिकवून झाल्यावर कानवडे सर सरकारी कागदावर हायस्कूलचे प्रशिक्षित गणित शिक्षक झाले. त्याच महिन्यात मीही झालो, आणि त्या वर्षापासून एप्रिलमध्ये मला कुणी घरी पाठवलं नाही.